शक्करखोरा सापडला

त्या अंगठ्याएवढ्या पाखरापासून अण्णाजींना मिळणार होतं ते एवढंच: रोज सकाळी एक घोट गोड. मागणी तशी मोठी नव्हती. ज्या माणसाने उभी नोकरी कापसाच्या ढिगात हात घालून, चिमटीत धागा ओढून, 'हा केळझरकडचा, हा सिंदीकडचा' असं सांगण्यात घालवली आणि रोज संध्याकाळी जिनिंगच्या फाटकापाशी साखरेने दाट झालेला चहा बशीत ओतून प्यायला, त्याला निवृत्तीनंतर एक घोट गोड मिळू नये, हे अण्णाजींच्या मते न्यायाला धरून नव्हतं. जमेला त्यांनी तो घोट मांडला. खर्चाच्या बाजूला काहीच मांडलं नाही. ग्रेडर माणसाची ती सवयच असते. माल दुसऱ्याचा, खर्च दुसऱ्याचा, आपली फक्त प्रतवारी.

सेलूच्या त्या घरात साखर स्वयंपाकघरात नसायचीच. ती लोखंडी कपाटात, नलूबाईंच्या ठेवणीतल्या साड्यांखाली असायची आणि कपाटाची किल्ली नलूबाईंच्या कमरेला. यावर अण्णाजींना फार बोलताही येत नसे. त्यांच्या थोरल्या भावाला शक्करची बिमारी होती. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. नलूबाईंनी ते दवाखान्यातल्या बाकावर बसून पाहिलं होतं आणि परत आल्या त्याच दिवशी साखरेचा डबा साड्यांखाली गेला होता. डॉक्टरांनी अण्णाजींना बजावून ठेवलं होतं, "थंडी संपली की पुन्हा तपासू. शुगर वर गेलेली दिसली, तर रोज पोटात सुई." सुईला अण्णाजी इतके भीत, की हमाल दाभणाने पोती शिवायला लागले तरी ते तोंड दुसरीकडे करून उभे राहत.

दिवाळी सरली आणि अंगणातल्या जास्वंदीवर ते पाखरू आलं. वरून मुगाच्या सालीसारखं, खालून पिवळसर, आणि क्षणभर एका जागी न बसणारं. शेजारीच राहणारा, धाकट्या भावाचा मुलगा मुकेश दुकानाला निघाला होता. स्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर खिशातून उत्तर काढायची त्याला सवय होती.

"मुकेश, हे कोनतं पाखरू हाये गा?" अण्णाजींनी विचारलं. "चोच पाह्य त्याची. दाभणासारखी वाकडी."

मुकेशने फोटो काढला, बोट फिरवलं. "शक्करखोरा म्हनते, मोठे बाबा. मराठीत शिंजीर. फुलातला रस पेते. बंगलेवाले लोकं याच्यासाठी शक्करचं पानी टांगून ठेवते म्हने."

"काय टांगून ठेवते?"

"शक्करचं पानी."

"आखीन एकदा वाच. जरा जोरानं वाच. तुही मोठी आई आतमधी हाये."

नलूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी जास्वंदीकडे पाहिलं, मग अण्णाजींकडे पाहिलं. अण्णाजींकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"पाखराले शक्कर पायजे म्हन्ता?"

"मले नाई. त्याले."

"मीनं कुठं म्हनलं तुमाले पायजे?"

अण्णाजींनी भूतदया, पुण्य आणि पर्यावरण असे तीन मुद्दे मनात जुळवून ठेवले होते. त्यातला एकही लागला नाही. नलूबाई म्हणाल्या, "देऊ मंग. मुक्या जिवाले नाई कसं म्हनावं? पन पानी मी करीन, अन् वाटी बी मीच भरीन."

इतक्या सहज सुटलेल्या सौद्यात मालाची खोट असते, हे कापसाच्या बाजारात राहिलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण समोर साखर असली, की माणूस ग्रेडर राहत नाही, गिऱ्हाईक होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळवायच्या तारेला एक छोटी वाटी टांगली गेली. राखणीला अण्णाजी खुर्ची टाकून बसले. दिवाळीनंतरची थंडी, म्हणून पिवळं स्वेटर आणि गळ्यात मफलर. पाखरू जास्वंदीवर आलं, फुलाच्या बुडाशी चोच खुपसून रस प्यायलं, वाटीला एकदा फेरी मारून भुर्र झालं. ऊन वर आलं. वाटीत धूळ पडणार, मुंग्या येणार, अन्न नासणार. नासण्यापेक्षा, म्हणून अण्णाजींनी इकडे तिकडे बघितलं आणि वाटी तोंडाला लावली. गोड होतं. मागाहून जिभेवर जरा वेगळंच काही रेंगाळलं, पण बऱ्याच दिवसांची सवय मोडली की असं होतं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

थोड्या वेळाने नलूबाई बाहेर आल्या. "पेलं का पाखरानं?"

"पेलं ना. पूरंच पेलं."

"एवढुसं पाखरू, अन् वाटीभर?"

"कामकरी जीव हाये, नलू. दिवसभर पंख हालवते."

"हाव, ते बी खरं," असं म्हणून नलूबाई रिकामी वाटी घेऊन आत गेल्या.

इथपर्यंत सगळं एका घोटाचंच होतं. पण माणसाला एक घोट मिळाला, की त्याला दुसरा पाखराच्या नावावर दिसू लागतो. एके सकाळी अण्णाजींनी खबर आणली, "आज दुसरंच आलतं."

"कसं होतं?"

"तसंच पिवळं, पन गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ. जशी शर्टाची बटनपट्टी. ते पह्यलं वेगळं, हे वेगळं. एका वाटीत दोघं पेतीन तर मारामाऱ्या होतीन."

नलूबाईंनी दुसरी वाटी टांगली. संक्रांतीच्या सुमारास तिसरं आलं. त्याच्या अंगावर काळी ठिगळं होती, जणू शिंप्याने काम अर्ध्यात सोडलेलं. तिसरी वाटी टांगली गेली. मग एक आलं ते काळंभोर. उन्हात वळलं की डबक्यावरच्या रॉकेलच्या तवंगासारखं निळं-जांभळं चमकायचं. अण्णाजी ते बघून खरोखरच खुर्चीतून उठले होते. ते इतकं सुंदर होतं की काही क्षण त्यांना वाटीची आठवण राहिली नाही. काही क्षणच.

"नलू, चौथं."

"बाप्पा, कुटुंबच आलं म्हनाचं," म्हणत नलूबाईंनी चौथी वाटी टांगली.

नवं पाखरू आलं, की जुनं दिसेनासं व्हायचं. काळं आलं तेव्हापासून रेघवालं आलं नव्हतं आणि ठिगळवालंही. पण जुन्याचा वाटा बंद करावा, असं अण्णाजींना सुचलं नाही. राशनच्या यादीतही मेलेल्याचं नाव कमी करायला कोणी आपणहून जात नसतं.

अण्णाजींची तब्येत खुलली. सकाळी चेहरा उजळ, दुपारी शीळ. भावाचा पाय गेल्यापासून जो माणूस रात्री जेवणाच्या ताटापुढे आपल्या पायाची बोटं दाबून बघायचा, तो आता नलूबाईंच्या मेथीच्या भाजीला नावं ठेवू लागला. हे सगळं असंच चाललं असतं. मध्ये मुकेशला कौतुक सुचलं.

घरच्या सगळ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. मुकेशने त्यावर त्या काळ्या-जांभळ्या पाखराचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं. फोटो गोल गोल फिरत राहिला आणि गेलाच नाही. मजकूर तेवढा गेला: 'मोठ्या बाबाच्या आंगनात शक्करखोरा सापडला. रोज वाट्याच्या वाट्या पेते. मोठ्या आईले सगळं मालूम हाये.'

अण्णाजींची मुलगी वर्षाली नागपूरला बँकेत कर्जविभागात होती. तिने तो मजकूर जेवणाच्या सुट्टीत वाचला. भांडखोर, लाचखोर, चहाडखोर हे शब्द तिला रोजचे होते. शक्करखोर कोण, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. अण्णाजींच्या खिशातला फोन वाजला.

"बाबा, शक्करखोर सापडला म्हने घरात?"

अण्णाजींनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "कोनं पाह्यलं?"

"आईले सगळं मालूम हाये म्हनते."

"एकच घोट, बेटा," अण्णाजी खालच्या आवाजात म्हणाले. "सुरवातीले एकच व्हता. मंग चार झाले. पन वाट्या लहान हाये."

तेवढ्यात ओट्यावरून मुकेश म्हणाला, "मोठे बाबा, मीनं आपल्या पाखराचं टाकलं ग्रुपवर. फोटो काऊन नाई गेला, काय मालूम."

अण्णाजींनी आवाज चढवला. "वर्षाली, मी पाखराचं सांगून राह्यलो. शक्करखोरा म्हंजे पाखरू. ते एकच घोट पेते."

"तुमी 'कोनं पाह्यलं' म्हनले."

"म्हंजे पाखराले कोनं पाह्यलं, असं."

पण वर्षाली दिवसभर टेबलासमोर बसलेल्या लोकांकडून हप्ते का थकले याची कारणं ऐकायची. कुठलं कारण बोलता बोलता तयार झालंय, हे तिला आवाजावरून कळायचं. "रविवारी येतो मी," ती म्हणाली. "माह्या मैत्रिनीले, सुरभीले घेऊन येतो. ते पाखरं मोजाले जंगलात जाते. किती पाखरं हाये अन् किती पेते, ते सांगन. अन् शुगरची मशीन बी आनतो. सकाळी उपाशी राहजो."

आता अण्णाजींची खरी पंचाईत झाली. शुगर वाढलेली निघाली तर सुई होतीच. म्हणून वाट्यांना तोंड लावायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पण न प्यावं तर वाट्या भरलेल्या राहणार, आणि आजवर पाखरं प्यायली हे खोटं ठरणार. इतके दिवस ते जिभेसाठी पीत होते, आता पाखराच्या अब्रूसाठी प्यावं लागणार होतं. एकदा त्यांनी चारही वाट्या जास्वंदीच्या बुडाशी ओतल्या आणि मुंग्यांची रांग लागून आपण पकडले जाऊ या भीतीने दुपारभर तिथेच बसून राहिले. एकही मुंगी आली नाही. हे आपलं नशीब, असं समजून ते घरात गेले, आणि दुसऱ्या दिवशी वाट्या पुन्हा तोंडाला लागल्या.

मधल्या दिवसांत त्यांनी कारल्याचा रस प्यायला, अंगणाला फेऱ्या मारल्या आणि एका दुपारी, कोणी नाही असं पाहून, भावाला फोन करून नुसतंच विचारलं, "कसा हायेस गा?" भावाला कौतुक वाटलं. अण्णाजींना रडू आलं.

रविवारी वर्षाली आली. सोबत सुरभी, वर्ध्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, गळ्यात दुर्बीण. तिने चपला काढून ओट्यावर मांडी घातली आणि जास्वंदीकडे बघत बसली. नलूबाईंनी तिला पोहे आणून दिले. अण्णाजी उपाशी होते, त्यामुळे पोह्यांचा वास त्यांना सुईपेक्षा जास्त टोचत होता.

आधी पिवळसर पाखरू आलं. "ही मादी," सुरभी हळू आवाजात म्हणाली. "वरून हिरवट-राखी, खालून फिकट पिवळी."

मग काळं आलं. सुरभीने दुर्बीण अण्णाजींच्या हातात दिली. "आणि हा नर. पोटापाशी बघा काका, एक-दोन पिवळी पिसं राहिलीत अजून. पावसाळा संपला की हा आपले भारी कपडे उतरवतो आणि मादीसारखाच साधा होतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ ठेवतो. थंडीत पुन्हा पिसं बदलायला लागतो, तेव्हा ठिगळं लावल्यासारखा दिसतो. आणि आता घरटं बांधायचे दिवस आले की असा. लग्नाचा सूट."

अण्णाजींनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. डोळे झाकलेले बरे होते. "म्हंजे ते रेघवालं?"

"तो हाच."

"अन् ठिगळवालं?"

"तोही हाच, काका. एकच जोडपं आहे. दोघंच."

वर्षालीने तारेवरच्या वाट्यांकडे पाहिलं. एकाच नवऱ्याच्या नावावर तीन शिधापत्रिका निघाल्या होत्या आणि तिन्हींवर नियमित उचल चालू होती. ती काही बोलणार, तोच ते काळं पाखरू उडून तारेवर बसलं. सगळ्यांनी श्वास धरला. सगळ्यात जास्त अण्णाजींनी. आयुष्यात कोणाकडून त्यांनी इतकी आशा धरली नव्हती. पाखराने वाटीत चोच बुडवली, डोकं झटकलं, चोचीच्या दोन्ही बाजू तारेवर घासून पुसल्या आणि निघून गेलं.

"पाखरू तर पेत नाई," वर्षाली म्हणाली. "मंग वाट्या कोन खाली करते, बाबा?"

अण्णाजींनी दुर्बीण खाली ठेवली. ज्याला दाभण बघवत नव्हतं, त्या माणसाने आपणहून बोट पुढे केलं. "घे. टोच."

वर्षालीने बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. मशीनकडे पाहिलं. मशीन झटकलं. दुसरं बोट मागितलं. पुन्हा पाहिलं.

"कमी हाये," ती म्हणाली. "डॉक्टरकडच्या मागच्या रिपोर्टपेक्षा बी कमी."

अण्णाजींना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांनी जन्मभर मालाची प्रत सांगितली होती आणि आपला माल काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मशीन खराब हाये," ते म्हणाले.

"नवीन हाये, बाबा."

"नवीन असन, पन खराब हाये. मी दिवाळीपासून पेऊन राह्यलो, वर्षाली. आंधी एक वाटी, मंग दोन, आता चार. पाखरानं थेंबभर नाई घेतला, सगळं मीनं पेलं. अन् हे मशीन म्हनते कमी? तिसरं बोट घे."

सुटलेला आरोपी न्यायाधीशाशी भांडतो आहे, असं दृश्य सेलूत यापूर्वी कोणी पाहिलं नसावं. सुरभीने मात्र उठून वाटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तिने थोडा वेळ थांबून चव घेतली.

"काकू, यात साखर नाहीये."

"नाई," नलूबाई शांतपणे म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि पिठाच्या डब्यामागून एक बाटली घेऊन आल्या. बिनसाखरेच्या गोड गोळ्यांची. "डॉक्टरले इचारूनच आनल्या. पह्यल्या दिवसापासून ह्याच हाये."

अण्णाजींनी बाटलीकडे पाहिलं, मग वाट्यांकडे, मग बायकोकडे. "म्हंजे तुले पह्यल्या दिवसापासून मालूम व्हतं?"

"पाखरू ओळखाले मले दुर्बीन नाई लागत. पिवळं स्वेटर, गळ्यापासून पोटापर्यंत काळ्या मफलरची रेघ, अन् पेल्यावर मिशा पुसते. पांढऱ्या मिशाचं पाखरू आपल्या आंगनात एकच हाये."

सुरभीने घाईने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि जिथे काहीच नव्हतं तिथे बघू लागली.

"फसवलं तू मले," अण्णाजी म्हणाले.

"हाव. अन् तुमी पाखराले."

"मंग बोलली काऊन नाई? एवढे दिवस?"

नलूबाईंनी गोळ्यांच्या बाटलीचं झाकण उगाच उघडलं आणि पुन्हा लावलं. "भाऊजीचा पाय कापला तवापासून तुमी हासत नव्हते. रात्री बोटं दाबत बसत. वाटी पेल्यावर हासत. मी काऊन बोलू?"

वर्षालीने मशीन पिशवीत ठेवलं. कर्जविभागात तिला असं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

अण्णाजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांना एक गोष्ट सुचली. "मी वाटी पेतो तवा तू कुठं राहत व्हती? बाहेर तर कधी नाई दिसली."

"सैपाकघरात. दाराच्या मागं, चहा घेऊन."

"मंग बाहेर येऊन बसाचं ना चहा घेऊन."

"मी आली असती तर तुमी वाटी तशीच ठेवून देल्ली असती. तुमचं होयेपर्यंत तिथीच उभी राहो मी. चहा थंडा होऊन जाये."

"गरम करून घ्याचा."

"लायटर वाजलं असतं," नलूबाई म्हणाल्या. "पाखरू उडालं असतं."

अण्णाजी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आतून बराच वेळ डबे सरकल्याचे, ड्रॉवर उघडल्याचे आवाज येत राहिले. लायटर कुठे असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. नलूबाई ओट्यावर बसून राहिल्या. त्यांनी सांगितलं नाही.

तर हिशेब असा निघतो. सुरभीला पोहे मिळाले. वर्षालीची नागपूर-सेलू चक्कर झाली, पण ती माहेराला झाली म्हणून खर्चात धरता येत नाही. पाखराला एक बेचव घोट पडला, तो त्याने तारेला पुसून टाकला. डॉक्टरांची सुई टळली. अण्णाजींना अख्ख्या हिवाळ्याचं गोड मिळालं आणि त्यासाठी त्यांना काहीच मोजावं लागलं नाही. जे काही भरायचं होतं ते नलूबाईंनी एकटीने भरलं होतं, दिवाळीपासून, दाराआड उभ्याने: रोज सकाळी एक कप थंड चहा.